शेजारचं विरजण

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," म्हातारा म्हणाला, "आणि ज्याचा बसेल त्याला पलीकडच्या काठापर्यंत माझी खिडकीजवळची जागा."

जागा द्यायला आधी फेरीबोट सुटायला तर हवी. सामुद्रधुनीवर वारा असा पेटला होता की धक्क्यावर रांगेत उभे असलेले ट्रक दारुड्यांसारखे एकमेकांकडे झुकत होते. तिएर्रा देल फुएगोला निघालेली सगळी माणसं, अर्जेंटिनाची काय आणि चिलीची काय, एतेल्विनाच्या चहाखान्यात शेगडीभोवती अडकून पडली होती. एतेल्विना लाल भोपळ्याच्या पुऱ्या तळत होती. नासारियो नावाचा मेंढ्यांच्या ट्रकचा ड्रायव्हर त्या खात होता. आणि येर्बाची, म्हणजे तिकडच्या कडवट पाल्याच्या चहाची, भोपळी होती एका विणकाम करणाऱ्या बाईच्या ताब्यात. ती दुपारच्या बसनं पुंता अरेनासहून आली होती. थर्मास तिचा, येर्बा तिची, म्हणून भरून देण्याचा मानही तिचाच. ती भरायची, पुढच्याच्या हातात द्यायची, नळीनं ओढून रिकामी झालेली परत घ्यायची आणि पुन्हा सुया हलवायची. बोलायची मात्र नाही.

येर्बाच्या फेरीत एकच कायदा. 'आभारी आहे' म्हटलं की तुमचं पुरे झालं, भोपळी पुढच्या वेळी तुम्हाला टाळून जाते. म्हातारा केव्हापासून पीत होता, पण तो शब्द त्यानं अजून ओठांवर येऊ दिला नव्हता.

नासारियो म्हणाला की जागा नको, गोष्ट सांगा, वारा पडेपर्यंत पुरेल एवढी लांब. मग म्हाताऱ्यानं मिशा पुसल्या आणि सुरू केलं ते असं.

दक्षिणेला, जिथं नकाशा संपतो आणि नुसता पांढरा कागद उरतो, तिथं सोर्दा नावाची एक खाडी आहे. एका काठावर अर्जेंटिनाचा संशोधन तळ, समोरच्या काठावर चिलीचा. मध्ये एवढंच पाणी की इकडे कुणी शिंकलं तर तिकडून 'शतायुषी हो' ऐकू यावं. दोन्ही तळांवर शास्त्रज्ञ. ते काय करत? जगातलं सगळ्यात स्वच्छ पाणी मोजत. आणि ज्या खोलीत बसून मोजत, त्या खोलीच्या संडासाचा नळ थेट त्याच पाण्यात जात असे. पूर्वी सगळ्यांचंच असं होतं. बर्फ इतका पांढरा की डोळे दिपावेत, आणि त्यावरून समुद्राकडे जाणारी एक तपकिरी रेघ. पेंग्विनसुद्धा ती रेघ ओलांडताना पाय उचलून टाकायचे.

मग नियम आले आणि दोन्ही काठांवर मैला साफ करणाऱ्या टाक्या बसल्या. अर्जेंटिनाच्या टाकीचा राखणदार होता एवारिस्तो लेन्सिनास. मूळचा रिओ गायेगोसचा नळकाम करणारा. बायको नाही, मूल नाही. गावात एक बहीण होती, तिच्याकडे मागची खोली होती, आणि त्या खोलीत तिनं कॅनरी पक्षी पाळले होते. सुट्टीवर गेला की लेन्सिनास पक्ष्यांच्या पिंजऱ्याखाली झोपायचा आणि सुट्टी संपायची वाट बघायचा. त्याचं घर म्हणजे ती टाकी.

टाकीतला गाळ जिवंत असतो. डोळ्यांना न दिसणारे जीव त्यात असतात, ते घाण खातात आणि पाणी सोडतात. त्यांना ऊब लागते, खालून फुंकलेली हवा लागते आणि वेळेवर खाणं लागतं. उन्हाळ्यात खायला घालणारी माणसं भरपूर. हिवाळ्यात मात्र तळावर मूठभर माणसं उरतात, आणि ती काही गाळाच्या सोयीनं जेवत नाहीत. गाळ उपाशी पडतो. मग लेन्सिनास दुधाची पावडर कोमट पाण्यात कालवून, वर साखर घालून टाकीत ओतायचा. आणि शीळ घालायचा, मिलोंगा या नाचाची. आता ऐका: तो शीळ घालायला लागला की गाळ मांजरासारखा गुरगुरायचा. बुडबुडे तालावर यायचे. एकदा त्यानं सूर चुकवला तर टाकीनं फेस काढला.

नासारियो म्हणाला की त्याच्या बायकोचंही असंच आहे. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

तर एवढा सुखाचा संसार. आणि त्यात मिठाचा खडा म्हणजे समोरच्या काठावरचा वेन्सेस्लाओ ओयारसून.

ओयारसून चिलीच्या टाकीचा राखणदार. चिलोए बेटावरचा. मोठा देह, मोठं हसू, मोठा अकॉर्डियन. त्याच्या गाळाचा रंग घट्ट चॉकलेटसारखा होता. लेन्सिनासचा गाळही चांगलाच होता, पण चहाच्या रंगाचा, आणि चहासमोर चॉकलेट ठेवलं की चहाचं काय होतं हे काय सांगायला हवं? ओयारसूनच्या नळाच्या तोंडाशी, हिवाळ्यात समुद्र गोठला की, एक जाडी सील मादी बर्फात भोक पाडून राहायची. दातांनी भोक कुरतडायची, वर यायची, ढेकर द्यायची आणि पडून राहायची. लेन्सिनासच्या नळाशी ती कधी फिरकली नाही. त्यानं मासे टाकले. तिनं मासे खाल्ले आणि परत चिलीला गेली. लेन्सिनास दुर्बीण घेऊन खिडकीत उभा राहायचा आणि त्या सीलवर अशी नजर ठेवायचा की ती सील नसून त्याची पळून गेलेली बायको असावी.

संध्याकाळी अकॉर्डियनचा आवाज बर्फावरून घरंगळत यायचा. लेन्सिनास कानात बोळे घालायचा. बोळे घातल्यावर मग त्याला शंका यायची की आज काय वाजवतोय, आणि तो बोळे काढायचा.

हे सगळं त्यानं गिळलं असतं. पण त्या वर्षी तळावर डॉक्टर इसियार एचाइदे आल्या. स्पेनच्या बास्क मुलखातल्या, सूक्ष्मजंतूंच्या डॉक्टर. दोन्ही देशांनी मिळून ठरवलं होतं की एवढ्याशा खाडीत दोन टाक्या कशाला, एकच ठेवायची आणि दुसऱ्या तळाचं मैलापाणी पाइपनं तिकडे न्यायचं. कोणती ठेवायची ते एचाइदेबाई सांगणार होत्या. हिवाळाभर त्या दोन्ही टाक्या बघणार, आणि वसंतात बर्फ फुटला की दोन्ही नळांसमोरचा समुद्र तपासणार. ज्याची टाकी बंद, तो राखणदार पहिल्या जहाजानं घरी. लेन्सिनासला हे कळलं तेव्हा त्याच्या कानात कॅनरी पक्षी ओरडायला लागले.

बाई राहायच्या अर्जेंटिनाच्या तळावर, जेवायच्या अर्जेंटिनाच्या टेबलावर, आणि रविवार आला की बर्फावरून चालत चिलीकडे जायच्या. परत यायच्या त्या हसत. एका रविवारी लेन्सिनासनं सहज विचारल्यासारखं विचारलं की तिकडची टाकी कशी वाटते. बाई म्हणाल्या, ओयारसूनच्या टाकीच्या खोलीत घाणीचा मागमूस नाही, दाट जंगलातल्या मातीसारखा वास येतो, तिथं बसून जेवावंसं वाटतं.

 जेवावंसं वाटतं! लेन्सिनासच्या खोलीत बाई कधी पाच मिनिटांवर थांबल्या नव्हत्या. त्यानं विचारलं की शेवटी निकाल वासावर लागणार की पाण्यावर.

"दोन्हींवर नाही," बाई म्हणाल्या. "वास फसवतो. पाणी आज आहे, उद्या वाहून जातं. मी नळाखालचे शिंपले उघडते. शिंपला दिवसरात्र पाणी गाळत बसतो, जे आलं ते पोटात ठेवतो. त्याला खोटं बोलता येत नाही."

हे ऐकायला लेन्सिनास होता कुठे? तो अजून जंगलातल्या मातीतच अडकला होता.

जूनमध्ये, जेव्हा सूर्य नुसता क्षितिजामागून हात हलवून जातो, तेव्हा मधल्या हिवाळ्याचा सण येतो. दक्षिणेला ज्याचा त्याचा देश वेगळा, पण हा सण सगळ्यांचा. त्या वर्षी यजमानपद अर्जेंटिनाकडे. चिलीची माणसं गोठलेल्या खाडीवरून चालत येणार, यजमान कोकराचं मांस भाजणार, आणि जेवणाआधी रिवाजाप्रमाणे पाहुण्यांना तळ दाखवणार. म्हणजे टाकीही दाखवणार. म्हणजे ओयारसून येणार आणि नाक घेऊन येणार.

लेन्सिनासनं ठरवलं की त्याच्या खोलीला असा वास यायला हवा की बाई जंगल विसरतील.

आता अर्जेंटिनाच्या घरात स्वच्छतेचा वास म्हणजे एकच, लावांदिना. ब्लीचचं पाणी. जमिनीला लावांदिना, मोरीला लावांदिना, फडक्याला लावांदिना. पाहुणे यायचे म्हटलं की आई आधी लावांदिनाची बाटली काढते आणि मग मीठ. ज्या घरात डोळे चुरचुरत नाहीत ते घर घाणेरडं, हे लेन्सिनास पाळण्यात शिकला होता. टाकीचा राखणदार झाल्यावर तो याच लावांदिनाचा वैरी झाला होता, कारण गाळाला तिच्यासारखं विष नाही. आचाऱ्यानं झाकणभर मोरीत ओतली तर लेन्सिनास त्याच्या अंगावर धावून जायचा. पण मत्सर माणसाला पाळण्यात परत नेऊन ठेवतो. सणाच्या सकाळी त्यानं कोठारातले सगळे कॅन आणले. भिंती घासल्या, जमीन घासली, पायऱ्या घासल्या, जाळी घासली. गुडघ्यावर बसून गात होता म्हणे. टाकीला त्यानं हात लावला नाही, एक थेंब टाकीत पडू दिला नाही, एवढी त्याला अक्कल होती.

विसरला ती फक्त जमिनीवरची मोरी. खोलीतलं पाणी गोळा करणारी ती मोरी परत टाकीतच जाते. पाइप जोडला होता कुणी? लेन्सिनासनं. स्वतःच्या हातानं.

पाहुणे आले. एचाइदेबाईंनी दारातच डोळे पुसले आणि हॉस्पिटलची आठवण झाली म्हणाल्या. लेन्सिनासनं ती स्तुती समजून छाती फुगवली. ओयारसून आत आला, नाकानं एक श्वास घेतला, आणि त्याचं ते मोठं हसू हळूच बंद झालं. तो टाकीशी गेला, वाकला, मग लेन्सिनासकडे बघून एवढंच म्हणाला की पोरांना सांभाळा, शेजारी, थंडी फार आहे. आणि जेवायला गेला. जेवणात त्यानं लेन्सिनासच्या ताटात कोकराची फासळी वाढली. लेन्सिनासला वाटलं, हरला बेटा.

दुसऱ्या दिवशी त्यानं शीळ घातली तर टाकी गुरगुरली नाही.

गाळ राखाडी पडला होता. वर मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखा फेस. त्यानं दुधाची पावडर घातली, साखर घातली, आचाऱ्याचं यीस्ट चोरून घातलं. मिलोंगा घातला, टँगो घातला, राष्ट्रगीतसुद्धा शिट्टीवर घातलं. काही नाही. टाकीत घाण येत होती, तशीच्या तशी बाहेर पडत होती, आणि नळातून खाडीच्या बर्फाखाली जात होती. वर पांढरंशुभ्र. खाली काय चाललंय ते त्याला आणि माशांना माहीत. हिवाळ्यात बर्फाखालचं पाणी हलत नाही, लाट नाही, वारा नाही. जे सोडाल ते तिथंच बसून राहतं. मुक्काम ठोकलेल्या पाहुण्यासारखं.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. बाई आठवड्याला टाकी बघायला येत, तर कधी पंप उघडून ठेवलेला, कधी चावी हरवलेली, कधी लेन्सिनासची पाठ धरलेली. आणि रोज दुर्बिणीतून तो समोर बघायचा. सील मजेत. अकॉर्डियन मजेत. चिलीच्या नळाशी बर्फ निळा, काचेसारखा. त्याला झोप येईना. मेलेल्या टाकीचं दुःख होतंच, पण मत्सर त्याहून मोठा होता. आपली मेली हे एक वेळ सोसेल, पण त्याची जिवंत आहे हे कसं सोसायचं?

मेलेला गाळ पुन्हा उभा करायचा उपाय एकच, आणि तो जगातल्या प्रत्येक टाकीवाल्याला माहीत असतो. घरचं दही बिघडलं की काय करतात? शेजारी जाऊन वाटीभर विरजण मागतात. आणि लेन्सिनासला शेजारी एकच होता.

नासारियो पुरी खाता खाता थांबला. एतेल्विनानं झारा खाली ठेवला. विणणाऱ्या बाईनं भोपळी भरून म्हाताऱ्याच्या हातात दिली, त्यानं ती न बघताच घेतली आणि ओढली.

लेन्सिनास गेला तो भर दुपारी, म्हणजे तिकडे त्या दिवसांत असतो तेवढ्या उजेडात. चिलीची बाकी माणसं वरच्या हिमनदीवर कामाला गेलेली त्यानं दुर्बिणीतून बघून ठेवली होती. घसरगाडीवर दुधाचे दोन मोठे रिकामे कॅन बांधले आणि खाडी ओलांडली. अर्ध्या वाटेवर सील पडली होती. तिनं एक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं, कॅनकडे बघितलं आणि डोळा मिटला. ही अपमानाची सुरुवात होती.

ओयारसून टाकीच्या खोलीच्या दारात उभा होता.

"या शेजारी," तो म्हणाला. "दूध घालायला निघालात वाटतं."

"नाही. हवा खायला आलो."

"कॅन घेऊन?"

"थोडी घरी न्यायची आहे."

ओयारसूननं मान डोलावली, जणू हवा कॅननंच नेतात, आणि त्याला आत घेतलं. आत खरंच जंगलातल्या मातीचा वास होता. लेन्सिनासला तो वास नाकात शिरताना जाणवला, आणि वाटलं की इथं बसून खरंच जेवता येईल, आणि या विचारानं त्याचं अंग पेटलं. टाकीत चॉकलेटी गाळ मऊ मऊ उकळत होता. खुंटीवर अकॉर्डियन. ओयारसूननं थर्मास काढला, भोपळी भरली. लेन्सिनासनं प्याली. परत भरली. परत प्याली. बोलायला तोंड उघडावं म्हटलं की तोंडात नळी, आणि लेन्सिनासला तेच सोयीचं होतं. थर्मास संपत आला तरी तो हवेपाण्याच्याच गप्पा मारत होता.

शेवटी ओयारसूनच म्हणाला, "त्या दिवशी दारातच वास आला होता मला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"सणाचा दिवस होता, शेजारी. घरात मयत झालीय हे काय यजमानाला जेवणाच्या टेबलावर सांगायचं?"

तो उठला आणि बादली घेऊन टाकीच्या तळाशी गेला. लेन्सिनासनं मागितलं नव्हतं. मागायला लागलं असतं तर बरं झालं असतं. मागितल्यावर समोरच्यानं थोडं तोंड वाकडं केलं असतं, दोन शब्द ऐकवले असते, म्हणजे याला रागावता तरी आलं असतं. ओयारसूननं तळाचा घट्ट भाग काढला, सगळ्यात चांगला, आणि दोन्ही कॅन गळ्यापर्यंत भरले. कोमट पाण्यात कालवून खाऊ घाला म्हणाला, पहिले दिवस उपाशी ठेवू नका, आणि हवा जपून. लेन्सिनासनं विचारलं की तुम्ही हे का करताय, तुमचं तर माझ्या मरणात भलं आहे.

"खाडी एकच आहे," ओयारसून म्हणाला. "तुमची घाण माझ्याकडे यायला पासपोर्ट लागत नाही."

मग त्यानं थर्मासातलं शेवटचं पाणी घालून भोपळी पुढे केली. लेन्सिनासनं प्याली. आता एक शब्द म्हणायचा होता. तो शब्द म्हटला की भोपळी थांबते, माणूस उठतो, सगळं रीतसर संपतं. लेन्सिनासच्या जिभेवर तो शब्द आला, आणि त्याची नजर खुंटीवरच्या अकॉर्डियनवर गेली. शब्द परत घशात उतरला. त्यानं रिकामी भोपळी बाकावर ठेवली आणि तो कॅन ओढत निघून गेला.

वाटेत गाळ गोठू नये म्हणून त्यानं स्वतःचा कोट काढून कॅनना गुंडाळला. थंडी अशी की त्याची डावी मिशी गोठली आणि काडीसारखी मोडून पडली. ती आजही तिथं बर्फात आहे, हवं तर जाऊन बघा.

गाळ रुजला. पण काय सांगू, सवतीचं पोर मांडीवर घेतल्यासारखं झालं! लेन्सिनासनं मिलोंगा घातला तर फेसानं पाठ फिरवली. मग त्याच्या लक्षात आलं, हा गाळ चिलीचा, याला तिकडचा क्वेका लागतो. दार लावून, कुणी ऐकत नाही असं बघून, लेन्सिनास रुमाल हलवत चिलीचा क्वेका नाचला. आणि गाळ गुरगुरला. त्या दिवसापासून त्याला स्वतःच्याच टाकीचा मत्सर वाटू लागला. खाऊ घालतोय मी, ऊब देतोय मी, आणि ही रोज कुणाची आठवण काढते?

पण वाढला. वसंतापर्यंत त्याचा गाळ ओयारसूनच्या गाळाहून काळा आणि घट्ट झाला, चमचा उभा राहावा असा. बर्फ फुटला. एचाइदेबाई छोट्या होडीतून दोन्ही काठांवर गेल्या, बाटल्या भरल्या. लेन्सिनासच्या नळासमोरचं पाणी असं निघालं की बाईंना समुद्रतळाच्या माशांचे दात मोजता आले. त्याच सकाळी ती जाडी सील आपलं बिऱ्हाड घेऊन, हो, पोरासकट, अर्जेंटिनाच्या काठावर आली आणि लेन्सिनासच्या पायावर डोकं ठेवून झोपली. बाईंनी निकाल दिला: चिलीची टाकी बंद, अर्जेंटिनाची चालू. पहिल्या जहाजाच्या दिवशी ओयारसून होडीनं आला. टोपी काढली. डोळ्यांत पाणी. म्हणाला, लेन्सिनास, तूच खरा राखणदार, आणि आपला अकॉर्डियन त्याच्या खांद्याला अडकवला. लेन्सिनास आजही दर संध्याकाळी खाडीकाठी तो वाजवतो, आणि समोरच्या काठावर ऐकायला कुणी नाही.

म्हातारा मागे टेकून बसला. नासारियोनं टेबलावर थाप मारली आणि म्हणाला की मिशी सोडून बाकी सगळ्यावर त्याचा विश्वास बसला, आता खिडकीची जागा काढा.

"आणि शिंपले?" विणणाऱ्या बाईनं विचारलं.

एवढ्या वेळात ती पहिल्यांदा बोलली होती. म्हाताऱ्यानं हात झटकला. पाणी स्वच्छ निघालं म्हटल्यावर शिंपल्यांना कोण विचारतो, म्हणाला.

"डॉक्टरबाईंनी विचारलं ना, काका." तिनं सुया लोकरीत खोचून ठेवल्या. "पाणी स्वच्छ होतं, ते खरं. दोन्हीकडचं. पण बर्फाखाली जे सोडलं होतं ते अर्जेंटिनाच्या काठावरच्या शिंपल्यांनी पोटात जपून ठेवलं होतं. बाईंनी शिंपले उघडले आणि बंद झाली ती तुमची टाकी."

"त्यांची?" नासारियो म्हणाला. "यांची कशी? गोष्ट तर त्या लेन्सिनासची."

"त्या दुपारी त्या खोलीत दोनच माणसं होती," ती त्याला म्हणाली, पण बघत होती म्हाताऱ्याकडे. "एक माझा बाप. त्यानं कॅनची गोष्ट डॉक्टरबाईंनासुद्धा सांगितली नाही, फक्त मला सांगितली, तीही अंथरुणाला खिळल्यावर. म्हणजे दुसरा कोण, ते तुम्हीच ठरवा. अकॉर्डियन माझ्या घरी कपाटावर आहे. माझा मुलगा वाजवतो, आणि अगदी वाईट वाजवतो."

बाहेर वारा थोडा नरम पडला होता. कुणी उठलं नाही. तिनं भोपळीतली येर्बा एका बाजूला सारली, थर्मास वाकवून बेतानं पाणी घातलं आणि भोपळी म्हाताऱ्यासमोर धरली.

"बाबा म्हणायचे, त्या माणसानं अख्खा थर्मास संपवला आणि आभार न मानताच उठून गेला, म्हणजे त्याची पाळी अजून चालू आहे. घ्या, लेन्सिनासकाका. एवढं खोटं बोलून घसा सुकला असेल."